रणजीचे महारथी आणि कसोटीची अल्प मुदत

देशांतर्गत सामन्यांत ज्याने वर्षानुवर्षे हजारो धावा जमविल्या, ज्याच्या नावाने प्रतिस्पर्धी कर्णधार आपल्या गोलंदाजांची आखणी आदल्या रात्रीपासून करू लागतो, असा फलंदाज देशाच्या संघात एक-दोन सामन्यांपुरता येतो, किंवा मुळी येतच नाही, आणि नंतर पंधरा-वीस वर्षे आपल्या प्रांताच्या वतीने तितक्याच निष्ठेने खेळत राहतो, हा प्रकार क्रिकेटच्या इतिहासात इतक्या वेळा घडला आहे की त्याला अपवाद म्हणून बाजूला सारणे आता शक्य नाही. या प्रकाराची मीमांसा करताना आपल्याकडे दोनच उत्तरे प्रचलित आहेत. त्या खेळाडूचा वकूबच तेवढा होता, वरच्या पायरीचे गोलंदाज त्याला झेपले नाहीत, हे पहिले. आणि निवड समितीने पक्षपात केला, अमुक शहराच्या वजनापुढे तमुक प्रांताची दाद लागली नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत सत्याचा काही अंश आहे. परंतु महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरणे एकापुढे एक ठेवून तपासली असता असे दिसून येते की खेळाडूच्या वकुबापेक्षा आणि निवडकर्त्यांच्या मर्जीपेक्षाही, सामन्यांचे वेळापत्रक, रिकाम्या जागांची संख्या आणि परीक्षेची अत्यंत तोकडी मुदत या तीन गोष्टींनी बहुतेक निकाल लावलेले आहेत. या प्रश्नाकडे मी तरी याच दृष्टीने पाहतो, आणि परभणीसारख्या जिल्ह्यातून पाहणाऱ्याला तो अधिकच निकडीचा वाटावा अशी कारणे आहेत.

परभणी जिल्हा निजामी अमदानीत हैदराबाद संस्थानाचा भाग होता, आणि त्या मुलखातील क्रिकेटची सर्व प्रतिष्ठा हैदराबाद शहराकडे होती. नवाब मोईन-उद्-दौला यांच्या नावाचा सुवर्णचषक तेथे खेळला जाई, आणि १९३७-३८ च्या हंगामात हैदराबादच्या संघाने रणजी करंडकही पटकावला. पूर्णा-नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारा रूळ सरळ होता. पुण्यास जाणाऱ्याला मात्र मनमाडास उतरून गाडी बदलावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि कालांतराने येथील खेळाडूंचे सारे दप्तर पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे गेले. सेलू, पाथरी, जिंतूर वा गंगाखेड येथील मुलाला शाळेचा संघ, जिल्ह्याचा संघ, निमंत्रितांच्या स्पर्धा, वयोगटांचे राज्यसंघ, एवढ्या पायऱ्या चढल्यानंतर रणजी संघाचे दार दिसते. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या मुलाला रणजी ही मधली पायरी वाटत असेल. आमच्या भागातील मुलाला ते बहुधा आयुष्याचे ईप्सितच असते. म्हणून ‘रणजीत मोठा, पण कसोटीत नाही’ असे जे तुच्छतेने म्हटले जाते, ते आमच्यासारख्यांनी निमूटपणे मान्य करू नये.

महाराष्ट्रातील उदाहरणांत अग्रपूजेचा मान निर्विवादपणे भाऊसाहेब निंबाळकरांचा. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या फलंदाजाने १९४८ च्या डिसेंबरात, मराठवाड्याच्या मुक्ततेस तीन महिने होत असताना, पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांनी २०५ धावा करून त्यांच्या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचली. महाराष्ट्राचा धावफलक ४ बाद ८२६ असा झाला. आणि डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम अवघ्या ९ धावांवर असताना काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सुट्टीच्या वेळी सामना सोडून दिला. ४९४ मिनिटे चाललेली ही खेळी आजही एका विलक्षण नोंदीची धनी आहे: एकही कसोटी सामना न खेळलेल्या फलंदाजाची प्रथम श्रेणीतील ती सर्वोच्च खेळी होय.

ठाकूरसाहेबांच्या त्या निर्णयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्याची हळहळ वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरी ध्यानात घेण्याजोगी बाब निराळीच आहे, ती म्हणजे तारखांची. वेस्ट इंडीजचा संघ त्याच हिवाळ्यात भारताच्या दौऱ्यावर होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरास संपली, निंबाळकरांची खेळी १६ ते १८ डिसेंबर या दिवसांत झाली, आणि कलकत्त्याची तिसरी कसोटी ३१ डिसेंबरास सुरू झाली. म्हणजे देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठी खेळी दोन कसोट्यांच्या ऐन मध्यंतरात, निवडकर्त्यांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि तरीही कलकत्त्याच्या संघात तिच्या कर्त्याला जागा मिळाली नाही. हा सरळ अन्याय वाटतो. मात्र त्याच मालिकेचा हिशोब काढला म्हणजे चित्र पालटते. रूसी मोदींनी त्या पाच सामन्यांत ५६०, तर विजय हजाऱ्यांनी ५४३ धावा केल्या. हेमू अधिकाऱ्यांनी दिल्लीत शतक झळकावले होते. दत्तू फडकर फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही सांभाळत होते. लाला अमरनाथ कर्णधारच होते. यांपैकी कोणास उठवून निंबाळकरांस बसवायचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या वेळच्या कोणत्याही प्रामाणिक निवडकर्त्यास देता आले नसते. मालिका संपल्यावर तरी त्यांचा विचार व्हावयास हवा होता. पण फेब्रुवारी १९४९ पासून नोव्हेंबर १९५१ पर्यंत भारताने एकही अधिकृत कसोटी खेळली नाही. तोवर निंबाळकर बत्तिशीकडे झुकले होते.

या पावणेतीन वर्षांच्या खंडाचा दुसरा बळी निंबाळकरांच्याच महाराष्ट्र संघातील सलामीचे फलंदाज मधुसूदन रेगे. मद्रासच्या चौथ्या कसोटीत, जानेवारी १९४९ मध्ये, त्यांना एकदाच संधी मिळाली आणि दोन डावांत १५ व ० अशा धावा झाल्या. दोन महिन्यांच्या आत, मार्च १९४९ मध्ये, रणजीच्या उपांत्य सामन्यात पुण्यात मुंबईविरुद्ध याच रेग्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली: १३३ आणि १००. हाच तो सामना, ज्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या आणि मुंबई ३५४ धावांनी विजयी झाली. दुसऱ्या देशात, दुसऱ्या काळात, पुढच्या मोसमातील निवडीसाठी ती दोन शतके पुरेशी ठरली असती. रेग्यांच्या नशिबी पुढचा कसोटी मोसमच नव्हता. त्यांची कसोटी कारकीर्द एका सामन्याची झाली, यात मद्रासच्या दोन डावांचा दोष किती आणि पंचांगाचा किती, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

वेळापत्रकाची ही सत्ता त्याहूनही जुनी आहे. १९३२ ते १९४६ या चौदा वर्षांत भारताच्या वाट्यास अवघ्या दहा कसोट्या आल्या. प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर, ज्यांनी डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध १४८ धावा करून येथील खेळाडूंत इंग्रजांशी बरोबरीने झुंजण्याचा आत्मविश्वास जागविला, ते १९३२ साली चाळिशीत होते. त्यांना एकही अधिकृत कसोटी लाभली नाही, आणि तरीही १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक त्यांनी महाराष्ट्रास मिळवून दिले व पन्नाशी ओलांडल्यावर एकाच रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१ च्या वर आहे, ब्रॅडमनच्या खालोखाल; त्यांच्या कसोट्या मात्र दहाच. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून ते कसोटीतून निवृत्त झाले. महायुद्धाने त्यांच्या उमेदीची वर्षे गिळली नसती तर आकडे वेगळे दिसले असते. देवधर आणि मर्चंट यांच्या थोरवीविषयी कोणी शंका घेत नाही. मग हाच न्याय रेग्यांसारख्यांना लावण्यात संकोच का व्हावा?

आता त्या उदाहरणाकडे वळतो, ज्याचे समाधान मला आजवर कोणत्याही उपपत्तीने झालेले नाही. माधव आपटे यांनी १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध मुंबईत कसोटी पदार्पण केले, त्यानंतर १९५३ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर पाचही कसोट्या खेळून त्यांनी ४६० धावा जमविल्या, आणि पोर्ट ऑफ स्पेन येथे नाबाद १६३ धावांची खेळी केली. सलामीच्या कोणत्याही भारतीय फलंदाजाने तोपर्यंत एका मालिकेत चारशेचा टप्पा गाठलेला नव्हता. समोर फ्रँक किंगचा वेग होता, रामाधीन-व्हॅलेंटाइन यांची फिरकी होती, आणि हा सलामीवीर विशीतला होता. सात कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७, एवढा दाखला हाती असताना त्यांना पुन्हा कधीही बोलावणे आले नाही. येथेही खंड आहेच: भारताची पुढील अधिकृत कसोटी जानेवारी १९५५ मध्ये, पाकिस्तानात, आणि त्या मालिकेत पंकज रॉय यांच्या जोडीस पनानमल पंजाबी यांना धाडण्यात आले, ज्यांची कारकीर्दही त्या पाच कसोट्यांतच आटोपली. परंतु खंडाने सबब मिळते, कारण मिळत नाही. रेगे अयशस्वी ठरले होते. आपटे यशस्वी होऊनही बाहेर राहिले. वकुबाची उपपत्ती येथे पूर्णपणे निरुत्तर होते, आणि ज्यांनी निवड केली त्यांच्या माथ्यावरील जबाबदारी कोणत्याही वेळापत्रकाने पुसली जात नाही. आपटे त्यानंतर मुंबईकडून खेळले, उतारवयापर्यंत क्लब क्रिकेटमध्ये रमले, मुंबईचे शेरीफ झाले, आणि २०१९ साली निवर्तले. त्यांचे बंधू अरविंद आपटे यांनाही कसोटी लाभली ती एकच, १९५९ साली लीड्स येथे.

हा प्रश्न केवळ आपला नाही, हे पडताळण्यासाठी अमेरिकेच्या बेसबॉलकडे दृष्टी टाकणे उपयुक्त आहे, कारण तेथे खालची श्रेणी आणि वरची श्रेणी यांची रचना इतकी काटेकोर आहे की खालच्या श्रेणीतील कर्तृत्वाची स्वतंत्र मोजदाद गेली शंभर वर्षे होत आली आहे. चेंडू मैदानाबाहेर धाडणारा टोला म्हणजे ‘होम रन’; मायनर लीग म्हटल्या जाणाऱ्या दुय्यम स्पर्धांत असे ४३२ टोले मारून बझ आर्लेट यांनी जो उच्चांक स्थापन केला, तो आठ दशके टिकला. कॅलिफोर्नियातील ओकलंड संघात त्यांनी प्रथम गोलंदाजासारखे चेंडू फेकण्याचे काम केले, नंतर केवळ फलंदाजीवर नाव गाजविले. तेरा हंगाम तेथे घालविल्यावर १९३१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने त्यांना मेजर लीगमध्ये आणले. त्या एकमेव हंगामात १२१ सामन्यांत त्यांनी .३१३ च्या सरासरीने फलंदाजी करून १८ होम रन केले, जी कामगिरी कोणत्याही निकषाने उत्तम ठरावी. पुढच्या वर्षी ते पुन्हा बाल्टिमोरच्या दुय्यम संघात होते, आणि तेथे त्यांनी ५४ होम रन ठोकले. आपट्यांची आठवण व्हावी असाच हा मामला आहे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचे संघ स्वतंत्र मालकीचे असत, खेळाडू करारान्वये मालकाच्या स्वाधीन असे, आणि मालक सांगेल त्या किमतीवर त्याची बढती अवलंबून राही; आर्लेट यांची उमेदीची वर्षे बव्हंशी त्या व्यवहारात खर्ची पडली.

त्यांचा उच्चांक ज्याने मोडला तो माइक हेसमन याची कथा निराळी आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये टोलेडो येथे त्याने आपला ४३३ वा दुय्यम श्रेणीतील होम रन मारला. मेजर लीगमध्ये अटलांटा, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क मेट्स या तीन संघांकडून पाच हंगामांत मिळून तो १०९ सामने खेळला, १४ होम रन केले, पण सरासरी .१८८ वर अडली. येथे प्रामाणिकपणे म्हणावे लागते की वरच्या श्रेणीच्या गोलंदाजीने त्याची उणीव उघडी केली. शक्ती होती, सातत्य नव्हते. मात्र हा निष्कर्ष आपण खात्रीने काढू शकतो तो त्याला १०९ सामने मिळाले म्हणून. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे १९५४ साली एकाच हंगामात ७२ होम रन करणारा जो बाउमन तर मेजर लीगचा उंबरठाही चढला नाही, आणि त्याच गावी तो आपला पेट्रोलपंप चालवीत होता. तिघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे: एक यशस्वी होऊन वगळला गेला, एकास पुरेशी संधी देऊन पारखले गेले, एकाची परीक्षाच झाली नाही.

आपल्याकडील उदाहरणांत दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे पुरेसे पारखले गेलेले, जवळजवळ कोणीच नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. हेमंत कानिटकर यांचा दाखला घ्या. १९४२ साली अमरावतीत जन्मलेले, यष्टिरक्षण करणारे, महाराष्ट्राच्या फलंदाजीचा आधारस्तंभ असलेले हे गृहस्थ. १९७०-७१ मध्ये राजस्थानविरुद्ध पुण्यात २५० धावा, प्रथम श्रेणीत एकूण पाच हजारांवर धावा. बत्तिसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, बंगलोर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच सामन्यात गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांचेही पदार्पण होते, आणि अँडी रॉबर्ट्सचा वेग ऐन भरात होता. त्या माऱ्यासमोर कानिटकरांनी ६५ धावा केल्या, जी भारताच्या पहिल्या डावातील सर्वोच्च खेळी ठरली. दुसऱ्या डावात १८. पुढे दिल्लीत ८ आणि २०. तिसऱ्या कसोटीत त्यांचे नाव नव्हते, आणि पुढेही कधी आले नाही. चार डाव, १११ धावा. एवढ्यावरून कोणत्या निकालास पोचता येते? सुधीर नाईक यांनी त्याच वर्षी एजबॅस्टन येथे पदार्पणात ७७ धावा केल्या, त्यांच्या कसोट्या तीन. रामनाथ पारकर यांच्या दोन. ही सर्व नावे एकाच दशकातील आहेत.

पन्नासची सरासरी राखणारा फलंदाजही आपल्या निम्म्याहून अधिक खेळ्या पन्नाशीच्या आत संपवीत असतो, आणि दोन-तीन डाव लागोपाठ दहा-वीस धावांत आटोपणे हे त्याच्या नित्यक्रमातच बसते. तेव्हा तीन-चार डावांत केवळ योगायोगाची मोजणी होते, गुणवत्तेची होत नाही. याचा प्रत्यक्ष पुरावा इतरत्र मिळतो. ग्रॅहम गूच १९७५ साली पदार्पणाच्या कसोटीत दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला, आणखी एका सामन्यानंतर वगळला गेला, आणि तीन वर्षांनी परत येऊन कारकिर्दीअखेर ८,९०० धावांवर पोचला. श्रीलंकेच्या मार्व्हन अटापट्टूने १९९० साली चंदीगडला पदार्पण केले. पहिल्या तीन कसोट्यांतील सहा डावांत त्याच्या खात्यावर एकूण एक धाव होती. त्याच्या निवडकर्त्यांनी त्याची सनद रद्द केली नाही, आणि तो ५,५०२ धावा व सहा द्विशतके करून निवृत्त झाला. अटापट्टूच्या जागी महाराष्ट्राचा एखादा रणजीपटू असता तर त्याला चौथी कसोटी मिळाली असती असे मला वाटत नाही.

कानिटकरांचे चिरंजीव हृषीकेश यांची कथा वडिलांच्या कथेला चमत्कारिक रीतीने जुळते. १८ जानेवारी १९९८ रोजी पाकिस्तानविरुद्ध ढाक्याच्या अंतिम सामन्यात सकलेन मुश्ताकला मारलेल्या चौकाराने ते घराघरांत पोचले. कसोट्या मात्र दोनच, मेलबर्न आणि सिडनी, धावा ७४, त्यांतील ४५ एका डावात. त्यानंतरचे त्यांचे कार्य मात्र क्वचितच सांगितले जाते: प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा, आणि कर्णधार म्हणून राजस्थानच्या संघाला रणजीच्या खालच्या, म्हणजे प्लेट, गटातून वर काढून २०१०-११ व २०११-१२ असे सलग दोन रणजी करंडक. पिता-पुत्रांच्या चार कसोट्या मिळून एक पूर्ण मालिकाही होत नाही.

ज्यांना तेवढेही लाभले नाही, अशांची यादी लांब आहे. शंतनू सुगवेकर, १९८८-८९ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९, प्रथम श्रेणीतील सरासरी ६३ च्या वर; सुरेंद्र भावे, जवळजवळ आठ हजार धावा, सरासरी ५८ च्या आसपास. आणि मुंबईचे अमोल मुजुमदार, १९९४ साली फरीदाबादेस हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच २६०, जो पदार्पणातील जागतिक उच्चांक बरीच वर्षे अबाधित राहिला. पुढे अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक, कसोटी शून्य. मुजुमदारांची गोष्ट निंबाळकरांच्या गोष्टीशी नेमकी जुळते, कारण दोघांच्याही वाटेत अपात्र माणसे नव्हती. तेंडुलकर आणि अझरुद्दीन होतेच. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर द्रविड आणि गांगुली आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मण आले. फलंदाजांच्या मधल्या जागा दशकभरासाठी भरल्या गेल्या. प्रशिक्षक म्हणून मुजुमदारांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांना विश्वचषक जिंकताना पाहिले, याचा आनंद मोठा आहे. परंतु त्यामुळे त्यांच्या फलंदाजीचे मोल ठरविण्याची आवश्यकता संपत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. निंबाळकरांचे ४४३, १९४९ चा तो २,३७६ धावांचा सामना, कानिटकरांचे २५०, सुगवेकरांचे नाबाद २९९, आणि पुढे २०१२-१३ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध केदार जाधवने केलेल्या ३२७ धावा, हे सारे पुण्यात किंवा पुण्यालगत घडले. तेथील खेळपट्ट्या फलंदाजांवर मेहेरबान असतात, तेव्हा त्या धावांतून काही वजावट करावी, हा युक्तिवाद निराधार नाही, आणि महाराष्ट्राच्या अभिमानापोटी तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. पण वजावट किती करावी, याला मर्यादा आहे. त्याच खेळपट्टीवर शेकडो फलंदाज खेळले. चारशेची मजल एकानेच मारली. ज्यांना बाहेर कसाला लागण्याची संधी मिळाली त्यांपैकी आपटे पोर्ट ऑफ स्पेनला आणि कानिटकर बंगलोरला, जगातील उत्कृष्ट माऱ्यापुढे टिकले. सपाट खेळपट्टीचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे दोन पुरावे खोडून दाखवावेत, मग उरलेल्यांच्या धावा कमी कराव्यात.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर ३ डिसेंबर २००१ हा दिवस लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी मोहालीत इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या कसोटीत, आमच्या शेजारच्या बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादेत जन्मलेला इक्बाल सिद्दिकी, असे मराठवाड्याचे दोन सुपुत्र एकाच वेळी भारताकडून पदार्पणास उतरले. सिद्दिकी हा जलदगती गोलंदाज. पहिल्या डावात त्याने फलंदाजीत २४ धावांची भर घातली, थॉर्पचा बळी मिळविला, आणि विजयासाठी जेमतेम काही धावा हव्या असताना दुसऱ्या डावात त्याला सलामीस पाठविण्यात आले, तेव्हा विजय साजरा करूनच तो परतला. भारत दहा गडी राखून जिंकला, आणि सिद्दिकीला पुन्हा कधीही कसोटी मिळाली नाही. प्रथम श्रेणीतील तीनशेवर बळींचा धनी असलेल्या गोलंदाजाचे हे कसोटी आयुष्य चार दिवसांचे ठरले.

बांगरला बारा कसोट्या मिळाल्या, पण त्या सर्व डिसेंबर २००१ ते डिसेंबर २००२ या एका वर्षात सामावल्या. नागपुरास झिंबाब्वेविरुद्ध त्याने नाबाद शतक केले. परंतु त्याचे खरे काम ऑगस्ट २००२ मधले, हेडिंग्ले येथले. ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर, नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेण्याचा धाडसी निर्णय झाला होता. नवा चेंडू हवेत वळत असताना बांगरने तासन्‌तास तग धरून ६८ धावा केल्या आणि द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी रचली. त्या पायावर द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतके उभी राहिली, भारताने डाव ८ बाद ६२८ वर घोषित केला आणि एक डाव व ४६ धावांनी सामना जिंकला. परदेशातील भारताच्या मोठ्या विजयांत त्याची गणना होते. त्या डावाची पहिली पाने ज्याने लिहिली तो चार महिन्यांनी संघाबाहेर होता. रेल्वेच्या वतीने खेळत राहून बांगरने प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि तीनशे बळी मिळविले. त्याच्या काळातच रेल्वेने २००१-०२ व २००४-०५ चे रणजी करंडक जिंकले. परभणीवरून, पूर्ण्यावरून रेल्वेत नोकरीस लागलेल्या किती घरांनी त्या करंडकांचा आनंद आपला मानला असेल, याचा विचार केला तर खालच्या श्रेणीतील खेळ कोणाचा असतो, हे कळते.

त्यानंतरची पिढी अजून परीक्षार्थी आहे. जालन्याच्या विजय झोळने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले, आणि तरीही वरिष्ठ संघाचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला नाही. औरंगाबाद जिल्ह्यातील अंकित बावणेने वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्या मधल्या फळीचा भार वाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनी येथे युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताचे चार गडी ३२ धावांत तंबूत परतले असताना, बीडच्या सचिन धसने ९६ धावा करून सामना खेचून आणला. त्याच्यासारख्या मुलाचे नाव उद्या कसोटीच्या यादीत आले, तर निवड समितीने त्याला एका-दोन सामन्यांचे हंगामी आमंत्रण न देता किमान एक पूर्ण मालिका लेखी द्यावी, अशी मागणी जिल्हा संघटनांनी पुण्यामार्फत भारतीय क्रिकेट मंडळाकडे आतापासूनच नोंदवावी. आणि तोवर रणजीतील त्याच्या प्रत्येक शतकाची नोंद, ज्या जिल्ह्यात तो वाढला तेथील दप्तरात, कसोटीच्या शतकाइतक्याच काळजीने ठेवली जावी.